लायसन होतं, गाडी येत नव्हती

लायसन पोस्टाने आलं त्या दिवशी मी ते देवासमोर ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं. मला तेव्हा सेहेचाळिसावं वर्ष लागलं होतं. कार्डावरच्या फोटोत मी घाबरलेली दिसते. घाबरायला कारणही होतं, पण त्या दिवशी ते मी कुणाला सांगितलं नसतं, स्वतःलाही नाही. चारचाकी चालवायचा सरकारी परवाना माझ्या हातात होता, आणि मला चारचाकी चालवता येत नव्हती.

आमचं गाव मालवणजवळ, कट्टा या बाजारगावापासून आत, धामापूरच्या वाटेवर. थोडी भातशेती, काजूची बाग, आंब्याची काही कलमं. शिवाय यजमानांचा छोटा टेम्पो. गावातल्या काजूबिया, आंब्याच्या पेट्या, चतुर्थीला गणपती, लग्नाला खुर्च्या, सगळं त्याच टेम्पोने जायचं. मग त्यांची साखर वाढली आणि ती डोळ्यांत उतरली. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. यजमानांनी घरी येऊन चावी खुंटीला अडकवली आणि घरापुढच्या खळ्यात जाऊन बसले. आठ दिवस टेम्पो माडाखाली उभा राहिला. लोक यायचे, विचारायचे, आणि परत जायचे.

नवव्या दिवशी मी म्हटलं, "मी शिकतंय."

ते हसले. "तू? तू सायकल तरी चलवलंस काय कधी?"

"नाय चलवलंय. आता टेम्पो चलवतलंय."

ड्रायव्हिंग क्लासवाल्याने पंधरा दिवसांचा कोर्स सांगितला. मीच विचारलं होतं, "लवकर होईल ना?" हे मी लपवणार नाही. घाई मलाही होती. क्लासची गाडी पांढरी, बुटकी. माझ्या पायाखाली तीन पेडल आणि बाजूला बसणाऱ्या शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक, क्लच. तो मोबाइलवर बोलता बोलता म्हणायचा, "काकी, तुमी फक्त स्टेअरिंग धरा." मी धरायची. गाडी सरळ रस्त्याने जायची, थांबायची, पुन्हा निघायची. ती माझ्या पायाने थांबते की त्याच्या, हे पंधरा दिवसांत मला एकदाही कळलं नाही. मागे घ्यायला एकदा शिकवलं. चढावर एकदाही थांबवलं नाही, कारण तिथे गाडी बंद पडते आणि मागच्यांचा खोळंबा होतो, असं त्याचं म्हणणं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही बरेच जण ओळीने उभे होतो. प्रत्येकाने गाडीत बसायचं, मैदानात थोडं पुढे न्यायची, वळवायची, उतरायचं. शिकवणारा बाजूला बसलेलाच होता. मी उतरले तेव्हा तो म्हणाला, "झालां काकी. आता सवयीन येतला."

सवय करायला मला दोन महिने मिळाले. मी टेम्पो सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना काढायची. चढ आला की देवाचं नाव घेऊन न थांबता वर जायची. समोर कुणी येऊ नये, एवढीच प्रार्थना. लोक कौतुक करत होते. महिला मंडळाने माझा सत्कारसुद्धा केला, नारळ आणि साडी देऊन. मी ती साडी नेसून टेम्पोसोबत फोटो काढून घेतला. आज तो फोटो बघवत नाही.

काजूचा हंगाम होता. कट्ट्याला माल उतरवून रिकामा टेम्पो घेऊन मी घरी येत होते. गावाच्या अलीकडे एक चढ आहे, एका बाजूला बागेच्या कुंपणाचा दगडी गडगा आणि दुसऱ्या बाजूला उतार. पुढे बस होती. वळणावर बससमोर चिऱ्यांचा ट्रक आला आणि बस थांबली. मला थांबावं लागलं. पहिल्यांदाच, ऐन चढावर. ब्रेकवर पाय दाबून मी बसले होते. बस हलली. मी ब्रेकवरचा पाय काढला, क्लच सोडला की नाही आठवत नाही, गाडीला आचका बसला आणि ती बंद पडली. आणि मागे जाऊ लागली. मी ब्रेक शोधत होते. माझा पाय तीन पेडलांवर आंधळ्यासारखा फिरत होता. हँडब्रेक हाताशी होता. त्याचा उपयोग काय, हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं.

मागून ओरडण्याचा आवाज आला. मग गडग्याचे दगड पडल्याचा.

मालवणहून मासे विकायला येणारी एक बाई स्कूटरवर माझ्या मागे थांबली होती. टेम्पोच्या मागच्या फळीने तिची स्कूटर गडग्याला चेपली होती आणि मध्ये तिचा डावा पाय होता. पाटीतले बांगडे रस्त्यावर पसरले होते. बसमधली माणसं धावत आली, त्यांनी टेम्पो ढकलून पुढे घेतला. मी उतरून उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि शिवी दिली नाही. नुसती दात दाबून कण्हत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पोलिसांनी पंचनामा केला, माझं लायसन बघितलं, टेम्पोचे कागद बघितले. एक हवालदार समजूत घालत म्हणाला, "कागद सगळे बरोबर आहेत बाई, घाबरू नका." ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. माझ्यासारखी बाई रस्त्यावर कशी आली, हे त्या कागदांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिच्या पायात सळी घातली होती. तिच्या बाजूला तिची म्हातारी आई बसली होती, ती मला बघून उठून बाहेर गेली. मी फळं ठेवली. खाटेवरून तीच म्हणाली,

"तुका चढावर गाडी थांबवूक येय नाय?"

"नाय."

"मगे गाडी घेवन रस्त्यार कित्याक इलंस?"

"माका लायसन दिलां," मी म्हटलं. "शिकवल्यानी नाय."

ती म्हणाली, "तर मगे शिक जा. हंय रडत बसान माझो पाय बरो होवचो नाय."

तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही केलं नव्हतं. पण मी तिथून निघाले ती डोळे पुसून निघाले.

घरी धाकटे दीर बसले होते. गिऱ्हाईक घेऊनच आले होते. टेम्पो बघायला एक माणूस खळ्यात फिरत होता, टायरांना लाथा मारत होता. दीर म्हणाले, "वयनी, झालां तां झालां. ह्यां बाईमाणसाचा काम न्हय. गाडी इकून मोकळे होवया."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "भावजी, गेल्या शिमग्यात तुमी मोटारसायकल बांधावरसून खाली घातलात. तेच्या आदल्या वर्षी शाळेच्या गेटार. तेव्हा कोण म्हणालो, ह्यां पुरुषमाणसाचा काम न्हय?"

गिऱ्हाईक टायरांपासून लांब झालं.

"चूक माझी," मी म्हटलं. "माका येय नाय होता तरी मी गाडी चलवलंय. पण मी बाई म्हणान येय नाय असां न्हय. माका कोणी शिकवक नाय म्हणान. गाडी इकूची नाय."

यजमान खळ्याच्या कडेला बसले होते. भाऊ गेल्यावर जमिनीकडे बघत म्हणाले, "माकाय कोणी शिकवक नाय गो. ट्रकार किन्नर होतंय, एक दिवस डायव्हर आजारी पडलो, तेच्या जाग्यार बसलंय. वीस वर्षां नशीबान गेली." आणि मग त्यांनी मला एक-एक करून सांगितलं. कुठल्या वळणावर कुणाचं वासरू, कुठल्या पुलावर कोण म्हातारा थोडक्यात वाचला. लग्नाला इतकी वर्षं झाली, यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग क्लासवाल्याच्या दारात उभी राहिले. तो बिचारा वाईट माणूस नव्हे. खुर्ची दिली, चहा मागवला.

"माका चढावर गाडी थांबवन परत काढूक शिकवा," मी म्हटलं.

"लायसन मिळालां मा तुमका?"

"मिळालां."

"मगे काकी? आता सवयीन येतला."

"सवय कोणाच्या पायांवर करू?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण बाहेर थांबलेली दोन मुलं आत डोकावली. "एकीचो पाय मोडलो. आता दुसरी कोण बघू?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सगळ्यांका पंधरा दिवसांत व्हया आसता. मी महिनो शिकवीन म्हटलंय तर लोक बाजूच्याकडे जातत." त्याचं खोटं नव्हतं. मीही गेलेच असते. पण चहा मी तसाच ठेवला.

धामापूरच्या बाजूला एक निवृत्त बस ड्रायव्हर राहतात. आयुष्यभर घाटातून बस चालवली, आता सुपारीची बाग बघतात. सगळा गाव त्यांना डायव्हरकाका म्हणतो. मी आणि यजमान त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "दिवस मोजूचे नाय. मी सांगीन तेव्हा येतला तुका. तोपर्यंत रस्त्यार जावचा नाय."

आमच्या गावावर मोठा सडा आहे. जांभ्या दगडाचं माळरान, पावसाळ्यात हिरवं आणि एरवी तापलेल्या तव्यासारखं. तिथे शिकवणी सुरू झाली. सड्यापर्यंत टेम्पो काकाच चालवत न्यायचे. पहिल्या दिवशी काकांनी मला गाडीत बसूच दिलं नाही. यजमानांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं, इंजीन बंद, आणि मला टेम्पोच्या मागे उकिडवी बसवलं. मग यजमानांना विचारलं, "बायल खंय आसा तुझी?"

यजमानांनी दोन्ही आरशांत बघितलं. चांगला डोळा बारीक करून बघितलं. "दिसना नाय."

"तुझो डोळो वायट म्हणान नाय. माकाय दिसाची नाय. आता तू ये गो, तू बस, आणि ह्येंका मागे बसव."

मला ते दिसले नाहीत. टेम्पोच्या मागे माझा नवरा बसला होता आणि आरशात नुसतं माळरान. मला त्या स्कूटरवाल्या बाईची आठवण झाली.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी मला धामापूरच्या तळ्याकाठच्या वळणावर उभं केलं. येणारी प्रत्येक गाडी बघायची आणि मोठ्याने सांगायचं, आता काय होऊ शकतं. "रिक्षावाला मागे न बघता वळतलो." "तो म्हातारा रस्तो क्रॉस करतलो, तेचा लक्ष तळ्याकडे आसा." जाणारे लोक मला वेड लागलं असं समजत होते. एकाने थांबून विचारलंही, "वयनी, बऱ्या आसात मा?" मी म्हटलं, "आता होतंय बरी."

मग माझ्या रोजच्या रस्त्यावरून कट्ट्यापर्यंत चालत नेलं. कुठे शाळेची मुलं रस्त्यावर येतात, कुठे शेतातून गुरं निघतात, कुठे गडग्यामुळे समोरचं दिसत नाही. बारा वर्षं मी त्या रस्त्याने टेम्पोत बाजूला बसून गेले होते. चालत गेले तेव्हा तो रस्ता मला नवाच वाटला.

आणि मग चढ. सड्याच्या टोकाला एक चढ आहे, तिथे काकांनी टेम्पो थांबवायला लावला आणि मागच्या चाकाच्या मागे वीतभर अंतरावर सोललेला नारळ ठेवला. "हँडब्रेक ओढ. क्लच हळू सोड, गाडी ओढूक लागली काय तुका बुडाखाली कळतला. मगेच हँडब्रेक खाली. नारळ फुटता नये."

पहिल्या दिवशी फुटला. दुसऱ्या दिवशी दोन. एकदा मी उतरून दगडावर जाऊन बसले आणि म्हटलं, नाही जमणार. काकांनी फुटलेल्या नारळाचं भकल उचललं, माती झटकली आणि खोबरं खात बसले. म्हणाले, "माका काय घाई नाय. माझो दात एकच गेलो आसा." महिनाभर आमच्या घरात रोज खोबऱ्याची चटणी होती. शेजारीण विचारायची, आज किती? मग एक दिवस नारळ तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. मग काकांनी टेम्पोत चिरे भरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. भरलेली गाडी वेगळी वागते, हे मला क्लासात कुणी सांगितलं नव्हतं.

भाताची लावणी होऊन गेली तरी काका काही बोलले नव्हते. चतुर्थीच्या आधी एकदा त्यांनी मला कट्ट्यापर्यंत गाडी न्यायला सांगितली, भर बाजाराच्या दिवशी, आणि स्वतः बाजूला डोळे मिटून बसले. परत आल्यावर डोळे उघडले. "झोप लागली माका," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावरून मी सगळे सत्कार ओवाळून टाकीन.

मासेवाली बाई तोवर काठी घेऊन उभी राहू लागली होती. पाय थोडा आखूड झाला, तो तसाच राहिला. स्कूटर तिने विकली. एका सकाळी ती कट्ट्याच्या थांब्यावर पाटी घेऊन बसची वाट बघत होती. मी टेम्पो थांबवला. थांबवावा की नाही, हा विचार मी मागच्या वळणापासून करत होते.

ती म्हणाली, "मागे बसाचंय नाय."

"फुडे बस."

"फुडेच बसतलंय. तुझे पाय माका दिसूक व्हये."

आणि खरोखरच ती सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होती. त्या चढावर मी मुद्दाम थांबले. गडग्याचे नवे दगड अजून वेगळे दिसत होते. हँडब्रेक ओढला, क्लच सोडला, गाडी निघाली. बोटभरही मागे आली नाही. उतरताना तिने पाटीतले चार बांगडे काढून सीटवर ठेवले आणि लंगडत निघून गेली.

यानंतर मी गप्प बसायला हवं होतं, असं दीर अजून म्हणतात. मी बसले नाही. ज्या कचेरीतून लायसन मिळालं होतं तिथे गेले आणि खिडकीतल्या साहेबांना सांगितलं, "माझी परीक्षा घ्या."

"कसली परीक्षा? तुमच्याकडे लायसन्स आहे."

"लायसन आहे. परीक्षा झालेली नाही."

"असं इथे बोलू नका बाई. नियमात असं काही बसत नाही."

"मग बसेल ते सांगा."

मी अर्ज लिहून नेला होता. चढावर गाडी थांबवायला लावल्याशिवाय कुणाला पास करू नका, आणि शिकवणाऱ्याला बाजूला बसवू नका, एवढंच त्यात होतं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. उत्तर आलं नाही. मी पुन्हा गेले. पुन्हा पोच. तिसऱ्या वेळी एक तरुण अधिकारी बाहेर आले. अर्ज उभ्यानेच वाचला आणि त्या दिवशी परीक्षेला आलेल्या सगळ्यांना मैदानाबाहेरच्या चढावर न्यायला लावलं. बहुतेकांच्या गाड्या मागे आल्या. काहींनी तर हँडब्रेकला हातच लावला नाही. मी तिथेच सावलीत उभी होते. नापास झालेली मुलं, त्यांचे बाप, त्यांना घेऊन आलेले एजंट, सगळे माझ्यावर उलटले. "काकी, तुमका काय पडलाहा? आमच्या पोराक नोकरेक जावचा आसा." एकाने मला गावाचं नाव विचारून घेतलं. मी सांगितलं, घराची खूणही सांगितली.

ते अधिकारी पुढे बदलून गेले. चढावरची परीक्षा बंद झाली. माझे अर्ज चालू आहेत.

आता रविवारी सकाळी मी सड्यावर असते. डायव्हरकाका गुडघ्यांमुळे येत नाहीत, म्हणून मी शिकवते. हा क्लास नव्हे, पाटी नाही. ज्यांनी लायसन काढलंय आणि ज्यांना आतून माहीत आहे की आपल्याला येत नाही, अशा बायका येतात. अशा किती असतात ते सड्यावर आल्यावर कळतं. यजमान मागे उकिडवे बसायचं काम करतात.

गेल्या रविवारी शेजारच्या गावातले एक गृहस्थ सुनेला घेऊन आले. तिला नवी गाडी घेतली होती, पूजा करून, हार घालून. तिची गाडी चढावर तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ते सावलीतून ओरडले, "अगो, सोड क्लच! सोड!" मुलीचा चेहरा उतरला. मी त्यांच्याकडे गेले.

"आठ दिवसांत करा हां काकी," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारपासून ती नोकरीक जातली गाडी घेवन."

"नाय जावची."

"म्हणजे?"

"म्हणजे एस्टीन जातली. मी सांगीन तेव्हा गाडी चलवतली."

"तुमी सांगणारे कोण?"

"मी एका बाईचो पाय मोडलेली बाई," मी म्हटलं. "आता तुमी हंयसून उठा आणि गाडीच्या मागे जावन बसा. तिका तुमी दिसतास काय बघूया."

ते बसले नाहीत, रागाने मोबाइल काढून लांब गेले. मी मुलीजवळ जाऊन खिडकीत वाकले. तिच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता. "घाई नाय," मी म्हटलं. "हँडब्रेक ओढ. परत कर." तिने ओढला आणि परत केलं.